होडीच्या तळात ऑइल कुठून येत होतं ते असं सापडलं
नवी मुंबईतल्या दिवाळे गावात आमची होडी असते, मागच्या महिन्यात तळातल्या पाण्यावर काळा तवंग दिसला. आधी तळातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या ऑटोमॅटिक पंपाचा स्विच बंद केला, नाहीतर सगळं ऑइल सरळ खाडीत जातं आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, फ्लेमिंगो इथेच चरतात, आमची मासळीपण इथलीच. साबण अजिबात टाकू नका, ऑइल दिसेनासं होतं पण पाण्यात मिसळतं. जुन्या कपड्यांनी टिपून डब्यात भरलं.

मग इंजिन पुसून कोरडं केलं, टाल्कम पावडर मारली, पाच मिनिटं चालवलं तर ऑइल फिल्टरखाली ओली रेघ! खोलून बघतो तर जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटलेली, त्यावरच नवीन बसवलेला. ती काढली, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावलं, फिल्टर हातानेच आवळला. दोन आठवडे झाले, एक थेंब नाही.