नवीन गाडीची वॉरंटी: या चुका टाळा, नाहीतर खर्च तुमच्याच अंगावर

नवीन गाडी घेतली की ३ वर्षं निवांत, असं वाटतं ना? पण वॉरंटी म्हणजे फक्त कंपनीकडून बनवताना राहिलेला दोष. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर हे वापरून झिजणारच, ते सहसा त्यात धरत नाहीत. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी बहुतेक वेळा ती बनवणाऱ्या कंपनीची असते, तेव्हा त्यांची कार्डं गाडीच्या फाईलमध्येच ठेवा. आणि ३ वर्षं किंवा १ लाख किमी लिहिलं असेल तर जे आधी होईल ते, रोज लांबचं रनिंग असणाऱ्यांनी तर हे आधीच बघायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पावसातली. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की लोक घाबरून परत परत सेल्फ मारतात, तेवढं प्लीज करू नका. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं. हे वॉरंटीत बसत नाही, आणि इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं नसेल तर तिथेही क्लेम अडकतो. गाडी तशीच टो करून न्या.

बाहेरून लाईट, हॉर्न, म्युझिक सिस्टिम बसवताना वायर कापू देऊ नका, कपलरला (वायरच्या टोकाच्या प्लगला) कपलर जोडणारं किट मागा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला कारण मिळतं. उंदराने वायर कुरतडली तर वॉरंटी नाही, इन्शुरन्सकडे विचारा.

आता माझा अनुभव. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगमधून खटखट आवाज यायचा, मी दोन सर्व्हिसिंगला तोंडी सांगितलं, ॲडव्हायझर म्हणाला नवीन आहे, होतं असं, आणि वॉरंटी संपल्यावर तोच म्हणाला की आमच्याकडे तुमची कंप्लेंटच नाही. खूप राग आला, पण हातात कागदच नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो, प्रत्येक तक्रार तारीख आणि किमीसकट जॉब कार्डवर (गाडी सर्व्हिसिंगला देताना वर्कशॉप करतं तो कामाचा कागद) लिहून घ्या, कॉपी घ्या, सर्व्हिसिंगची बिलंही जपा. तरीही दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी एकदा गाडी नेऊन बारीकसारीक सगळं लिहवून घ्याच, एक्सटेंडेड वॉरंटीचंही तेव्हाच विचारा.