कांद्याची स्लाइड का बिघडते? या चुका टाळा

कांद्याच्या पेशी पाहायला केलेल्या स्लाइडवर काही धड दिसले नाही की खापर सूक्ष्मदर्शीवर फुटते. पण बहुतेक वेळा घोळ आधीच, चिमट्याच्या टोकाशी झालेला असतो.

पहिली चूक पापुद्रा निवडण्यात होते. वरची तपकिरी साल वाळलेली असते, ती नको. आतली एक रसरशीत पाकळी घ्या. तिची खोलगट बाजू आपल्याकडे धरून ती मागच्या बाजूला वाकवा आणि मोडा. मोडलेल्या कडेला पारदर्शक पापुद्रा लोंबतो, तो चिमट्याने हळूच ओढा. हा पापुद्रा एका पेशीइतकाच जाड असतो. दुधट दिसला तर त्याला गर चिकटून आला आहे असे समजा. पेशींचे थर एकमेकांवर येतात आणि सगळे धूसर दिसते. छापील कागदावर ठेवून पाहा. खालची अक्षरे स्वच्छ वाचता आली तरच पुढे जा.

पापुद्रा हवेत सुकला की गुंडाळी होते. म्हणून तो लगेच वॉचग्लासमधल्या (काचेच्या उथळ बशीतल्या) पाण्यात टाका आणि पाण्यातच ब्लेडने साधारण 5 मिमीचा तुकडा कापा. तो उचलायला ब्रश वापरा. चिमट्याने पेशी चुरगळतात.

पेशी रंगवायला सॅफ्रनिन या लाल रंगाचा एक-दोन थेंब पुरतो. अर्ध्या ते एका मिनिटात तुकडा साध्या पाण्यात धुवा. जास्त वेळ ठेवला तर केंद्रक, भित्तिका (पेशीची बाहेरची भिंत), पेशीद्रव सगळेच लालभडक होते आणि ज्यासाठी रंग घातला तो फरकच जातो. आयोडीन वापरत असाल तर पातळ, फिकट चहाच्या रंगाचे घ्या. त्यात केंद्रक पिवळसर तपकिरी दिसते.

ग्लिसरीनची गंमत मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. स्लाइड सुकू नये म्हणून ते घालतात, पण निव्वळ ग्लिसरीन पेशीतले पाणी ओढून घेते. मग आतला जीवद्रव्याचा गोळा आकसतो, भित्तिकेपासून सुटतो आणि मुले त्या मोकळ्या जागेला ‘रिक्तिका’ (पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी) म्हणून नाव देतात! तासाभरात स्लाइड पाहायची असेल तर साध्या पाण्याचा थेंब पुरे.

कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, वरून सपाट टाकू नका. तिची एक कड थेंबाला टेकवा, साधारण 45 अंशांत तिरकी धरा आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली येऊ द्या. नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. ठळक काळ्या कडेचे, मधे चकचकीत असे गोल दिसले तर ते बुडबुडे. केंद्रकाची कड इतकी काळी कधीच नसते. बाहेर आलेले पाणी टिपकागदाने कडेने टिपा.

आता सूक्ष्मदर्शी. सुरुवात 10 पटीच्या वस्तुभिंगाने (स्लाइडकडच्या भिंगाने) करा. बाजूने पाहत भिंग स्लाइडजवळ आणा, मग डोळा लावून ते दूर नेत फोकस करा. 40 पटीच्या भिंगावर मोठा स्क्रू फिरवला की कव्हरस्लिप तडकते. तिथे फक्त बारीक स्क्रू. स्लाइड डावीकडे सरकवली तर चित्र उजवीकडे पळते, ते बिघाड नाही.

विशालन काढताना बेरीज करू नका. नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) 10 आणि वस्तुभिंग 40 असेल तर उत्तर 400 पट, 50 नव्हे.

आकृतीत सर्वांत जास्त गुण जातात. पाठ्यपुस्तकातली सारख्या विटांची भिंत उतरवू नका. समोर दिसतात त्या सहा-आठ पेशी टोकदार पेन्सिलीने, छायांकन न करता काढा. मोठ्या रिक्तिकेमुळे केंद्रक सहसा कडेला सरकलेले असते, मधोमध ठिपका देऊ नका. एखाद्या पेशीत ते दिसलेच नाही तर बारीक स्क्रू थोडा फिरवा. ते वेगळ्या पातळीवर असू शकते. हरितलवके (पेशीतले हिरवे कण) तर काढूच नका. कांद्याची ही पाकळी जमिनीत वाढते, तिच्यात ती नसतात. आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे जीवद्रव्याभोवतीचा पातळ पडदा, भित्तिकेला इतके चिकटून असते की एवढ्या विशालनात वेगळे दिसत नाही. त्याला वेगळे नाव द्यायचेच असेल तर ग्लिसरीनने आकसलेली तीच ‘बिघडलेली’ स्लाइड पाहा.