खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतील शेवाळ: आधी ओळख, मग उपाय

खाऱ्या पाण्याची टाकी सुरू करून दोन-तीन आठवडे होत नाहीत तोच पांढऱ्या वाळूवर तपकिरी भुकटी पसरलेली दिसते आणि नवख्या मत्स्यपालकाचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो हात आवरावा. नव्या टाकीतील दगड आणि वाळू जवळजवळ रिकामी असते. तिथे ठाण मांडणारे जीवाणू व इतर सूक्ष्मजीव अजून पुरेसे वाढलेले नसतात, त्यामुळे जो जीव सर्वांत वेगाने वाढतो तोच ती जागा बळकावतो.

पहिले काम पाण्याचे. नळाच्या पाण्यात सिलिकेट, नायट्रेट आणि फॉस्फेट असू शकतात आणि हे तिन्ही कोणत्या ना कोणत्या उपद्रवी वाढीला पोसतात. म्हणून मीठ कालवण्यासाठी आरओ-डीआय यंत्रातून (पाण्यातील जवळजवळ सर्व क्षार काढून टाकणाऱ्या शुद्धीकरण यंत्रातून) गाळलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच घ्यावे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरतानाही हेच पाणी, पण बिनमिठाचे, वापरावे. तिथे रोज तांब्याभर नळाचे पाणी ओतत राहिल्यास पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार मात्र टाकीत साठत जातात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत प्रवाळ नसतील तर दिवे बंदच ठेवावेत.

त्यानंतर जे उगवले आहे ते नीट पाहावे. वाळूवर आणि काचेवर बसलेली, बोटाने सहज पुसली जाणारी तपकिरी भुकटी बहुधा डायटम या सूक्ष्म एकपेशीय शेवाळाची असते. सिलिकेट संपत आले की ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते, तिच्यासाठी काच पुसण्यापलीकडे काही करू नये. काचेवरचा पातळ हिरवा थर तर प्रत्येक टाकीत येतो.

दगडावर हिरव्या केसांसारखे झुपके आले तर मात्र कामाला लागावे. शक्य असल्यास दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत टूथब्रशने घासावा आणि ते पाणी फेकून द्यावे. टाकीतच घासल्यास सुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतात. चाचणीत नायट्रेट शून्य आले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण केसाळ शेवाळच ते शोषून घेत असते. कोरडे दगड वापरून टाकी उभारली असेल, तर त्यांच्यात मुरलेले फॉस्फेट कित्येक महिने झिरपत राहू शकते.

सर्वाधिक चुका पुढच्या दोन प्रकारांत होतात. लालसर-जांभळी, चादरीसारखी उचलली जाणारी बुळबुळीत साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नसून जीवाणू आहेत. ती साय नळीने ओढून काढावी आणि त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह वाढवावा. याउलट तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि रात्री विरळ होऊन दिवसा पुन्हा दाटणारी वाढ दिसली, तर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा संशय घ्यावा. खात्रीसाठी नमुना छोट्या बाटलीत जोरात हलवून कॉफीच्या गाळणकागदातून गाळावा आणि खाली आलेले पाणी दिव्याखाली ठेवावे. तासाभरात त्यात पुन्हा धागे जमले, तर संशय बळकट होतो. ही वाढ पुष्कळदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आल्यानेच माजते, म्हणून इथे पाणी बदलत राहण्याने स्थिती बिघडू शकते. उलट दोन्ही पोषकांचे थोडे प्रमाण पाण्यात टिकवावे लागते. तिच्या काही जाती विषारी असल्याने गोगलगायी मरू लागल्यास ते लक्षणही नोंदवावे.

आता रोजची शिस्त. दिवे 6 ते 8 तासांपलीकडे चालवू नयेत आणि वेळ टायमरवर सोपवावी. माणसाचा आळस शेवाळाला फार मानवतो. गोठवलेले खाद्य वितळवून, त्याचे पाणी गाळून फेकून द्यावे आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच घालावे. गाळणीचा कापूस दर तीन दिवसांनी बदलावा, कारण त्यात अडकलेली घाण तिथेच कुजत असते. आठवड्याला सुमारे 10 टक्के पाणी बदलावे. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे वापरायचे झाल्यास शिफारशीच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करून मोजत राहावे. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राखणे बहुतेक टाक्यांना पुरते; दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नये.

शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, म्हणजे ट्रोकस, सेरिथ आणि टर्बो, हिरवे शेवाळ दिसू लागल्यावर थोड्या-थोड्या आणाव्यात. एकदम डझनभर आणल्या तर शेवाळ संपताच त्या उपाशी मरतात आणि कुजून पुन्हा शेवाळालाच खत पुरवतात. नॅसारियस ही गोगलगाय उरलेसुरले खाद्य खाते, शेवाळ नाही. केसाळ शेवाळासाठी ती घेतल्यास निराशाच पदरी पडते. नव्या गोगलगायींना क्षारतेतील फरक सोसत नाही, म्हणून टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळून त्यांना सवय करावी.

कोणताही बदल केल्यावर दोन आठवडे थांबावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. नोंदवहीत तारीख, नायट्रेट, फॉस्फेट आणि दिव्यांचे तास लिहावेत व दर आठवड्याला एकाच कोनातून एक छायाचित्र घ्यावे. पुढे दगडावर गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शेवाळाचे टणक ठिपके दिसू लागतील. ते खरवडू नयेत, कारण त्यांनी व्यापलेल्या जागेवर केसाळ शेवाळाला सहजासहजी पाय रोवता येत नाही.