पाहुण्यांना रेगेन्सबुर्ग दाखवायचं तर

सांगलीहून कुणी म्युनिकला आमच्याकडे आलं की पहिली फर्माईश ठरलेली असते, डोंगरावरच्या नॉयश्वानस्टाइन या परीकथेतल्यासारख्या किल्ल्याची. दोनदा नेलं, दोनदा रांगेत पाय दुखले. शिवाय किल्ला म्हणावा तर बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये! आता मी सरळ डॅन्यूब नदीकाठच्या रेगेन्सबुर्ग या जुन्या गावी नेते. प्रादेशिक गाडीने दीड तास.

रविवार धरा. बायर्न-तिकिटावर, म्हणजे बव्हेरिया राज्याच्या दिवसभराच्या तिकिटावर, पाच जणांपर्यंत जाता येतं, मात्र आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत ते चालत नाही. आणि कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. मी एकदा पावणेनऊच्या गाडीत चढले आणि सासऱ्यांसमोर दंड भरला. शनिवार-रविवारी ही भानगड नाही. रविवारी दुकानंही बंद असतात, हा फायदाच समजा. पायात स्पोर्ट्स शूज हवेत. जुन्या गावात दगडी फरसबंदी आहे, चपला दगा देतात.

दहाच्या आत कॅथेड्रलमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चर्चमध्ये, बसा. शाळांना सुट्ट्या नसतील तर दहाच्या प्रार्थनेला तिथलं मुलांचं गायकवृंद असतं; त्याची परंपरा इसवी सन ९७५ पासूनची. भाषा कळायची गरज नाही. आमच्या आत्याबाई देवळात बसतात तशाच हात जोडून बसल्या होत्या. बाहेर आलात की नदीच्या बाजूला चाला. एका पांढऱ्या भिंतीत काळपट दगडांची कमान दिसेल. ते रोमन छावणीचं दार. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, १७९ मध्ये ही छावणी उभी राहिली. लोक शेजारून सायकली दामटत जातात.

मग दगडी पूल. इथे घाई करू नका. ११३५ च्या उन्हाळ्यात डॅन्यूबचं पाणी खूप आटलं, ती संधी साधून काम सुरू झालं आणि अकरा वर्षांत ३०० मीटरहून लांब पूल उभा राहिला. ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचं धर्मयुद्धाचं सैन्य याच गावातून निघालं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येऊ नये म्हणून जर्मनांनीच याच्या काही कमानी उडवल्या. पुलावर डोळ्यांवर हात धरून कॅथेड्रलकडे बघणारा दगडी माणूस बसलाय. पूल आधी होतो की कॅथेड्रल, अशी दोन कारागिरांची पैज लागली होती आणि पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली, अशी दंतकथा आहे. पैज कसली! आत्ताच्या कॅथेड्रलचं काम पूल झाल्यावर शंभरेक वर्षांनी सुरू झालं, आणि त्याचे मनोरे पुरे झाले तेही १८६९ मध्ये.

पुलाच्या पायथ्याशी सॉसेजचं जुनं, बुटकं दुकान आहे. कोळशावर भाजलेली बोटभर सॉसेजेस, आंबवलेली कोबी, गोड मोहरी. शाकाहारी मंडळींसाठी डबा न्या, मी थालीपीठं नेते. दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत. सासरे त्यांच्यासमोर वीस मिनिटं उभे होते. सांगलीच्या आयर्विन पुलाचं पाणी किती फुटांवर गेलं हे दर पावसाळ्यात विचारणारा माणूस तो!

दुपारी जुन्या नगरभवनातलं सभागृह पाहा. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात. इंग्रजी फेरीची वेळ आधी बघून ठेवा. इथे १६६३ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या साम्राज्याची, सभा भरली. आपल्याकडे लाल महालात शाइस्तेखानाची बोटं तुटली ते वर्ष. ती सभा १८०६ पर्यंत उठलीच नाही, साम्राज्यच संपलं तेव्हा संपली. एखादं काम रेंगाळत ठेवलं की जर्मनमध्ये ‘लांब बाकावर सरकवलं’ म्हणतात, आणि ते बाक हेच असं गावकरी अभिमानाने सांगतात. आपलं भिजत घोंगडं, १४३ वर्षांचं.

जवळच केप्लरचं घर आहे. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा हा माणूस सम्राटाकडे थकलेला पगार मागायला १६३० च्या थंडीत इथे आला, आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला गेला. पुढे युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली. नोकरीतले पाहुणे इथे हमखास हळहळतात.

शेवटी नॉयफारप्लाट्झ हा चौक. चौकात पांढऱ्या काँक्रीटचे बुटके चौथरे दिसतील, पोरं त्यांवर आइस्क्रीम खात बसलेली असतात. ते ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं जमिनीवर उमटवलेलं रेखाटन आहे. १५१९ मध्ये गावाने ज्यूंना हाकललं आणि ते पाडलं. पाडण्याआधी आल्टडॉर्फर या चित्रकाराने आतली दोन चित्रं करून ठेवली, आणि तो स्वतः त्याच नगरपरिषदेचा सदस्य होता. हे आधी सांगू नका. पाहुण्यांना बसू द्या, आइस्क्रीम संपू द्या, मग सांगा. मागच्या वेळी आत्याबाई ऐकून उठल्या आणि स्टेशनपर्यंत काही बोलल्या नाहीत.