बूट कपाटात जाऊ नयेत म्हणून

व्यायाम सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळतात. चौथ्या दिवशी पोटऱ्या ठणकतात आणि बूट कपाटात जातात. त्यापेक्षा सुरुवात इतकी सोपी ठेवा की टाळायची लाज वाटावी. मी पुण्यात पर्वती चढायला लागलो तेव्हा १०३ पायऱ्यांपैकी निम्म्यावरूनच माघारी फिरायचो. वर गेलंच पाहिजे असा नियम नव्हता. सकाळी साडेसहाला पहिल्या पायरीशी हजर राहायचं, एवढंच ठरलेलं.

दुसरी युक्ती जरा लबाडीची. आवडीची एखादी गोष्ट फक्त व्यायामासाठी राखून ठेवा. मी एक रहस्यकथा फक्त चालतानाच ऐकायचो, घरी एक मिनिटही नाही. खुनी कोण हे कळायला हवं ना, मग घाला बूट! (रस्त्यावर असाल तर एक कान मोकळा ठेवा.)

२१ दिवसांत सवय लागते, हे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरकही भरपूर होता. त्यातली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा पावसाने खाडा झालाच तर हळहळत बसू नका, दुसऱ्या दिवशी निघा.

गुडघे कुरकुरत असतील तर मात्र पायऱ्यांचा हट्ट नको. चढण्यापेक्षा उतरणंच जास्त जड जातं. जवळच सारसबाग आहे, तिथे सपाटीवर फेऱ्या मारा.