मांजरांचे परभाषी सिनेमे लहान मुलांना मराठीतून कसे दाखवावेत

जुळे सोलापुरातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांना सिनेमे दाखवते, आणि मोठ्या शहरात हरवलेल्या मांजरांचे सिनेमे मुले पुन्हा पुन्हा मागून घेतात. प्रोजेक्टर, ताणून बांधलेला पांढरा पडदा, स्पीकर आणि बसायला चार-सहा सोलापुरी चादरी एवढी जमवाजमव कोणालाही करता येते. मे महिन्यात गच्ची रात्रीपर्यंत तापलेली राहते, म्हणून संध्याकाळीच पाणी मारावे आणि आठ वाजण्यापूर्वी सिनेमा लावू नये.

सिनेमा वय पाहून निवडावा. पाच वर्षांच्या मुलांना 'द ॲरिस्टोकॅट्स' (१९७०) चालतो आणि सात वर्षांच्या मुलांना न्यूयॉर्कमध्ये घडणारा 'ऑलिव्हर अँड कंपनी' (१९८८) चालतो. 'अ कॅट इन पॅरिस' (२०१०) या सिनेमातील मुलीच्या वडिलांचा खून झालेला असून त्या धक्क्याने तिची वाचा गेलेली आहे, त्यामुळे तो नऊ वर्षांखालील मुलांना दाखवू नये. इस्तंबूलच्या सात मांजरांवरचा 'केडी' (२०१६) हा माहितीपट दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठेवावा.

खरी कसोटी लागते ती सिनेमा चालू असताना मराठीत समजावून सांगण्याची. "चित्रे बघून मुलांना सगळे कळते," असे जे लोक ठामपणे सांगतात, त्यांनी दहा मुलांसमोर बसून एकही सिनेमा पूर्ण दाखवलेला नसतो. 'द ॲरिस्टोकॅट्स'मध्ये नोकर मांजरांच्या दुधात झोपेच्या गोळ्या मिसळतो हे मुलांना दिसते, पण मालकीणबाईंनी आपली मालमत्ता आधी मांजरांना आणि त्यांच्यामागून नोकराला द्यायचे ठरवले आहे आणि हे त्याने भिंतीतल्या नळीला कान लावून ऐकले आहे, एवढे कोणी सांगितले नाही, तर पुढचा तासभर मुले "पण त्याने असे का केले?" हेच विचारत राहतात.

पहिल्या वर्षी मी याच्या उलट चूक केली. पडद्याखाली येणारे प्रत्येक वाक्य मी मराठीत म्हणत गेले आणि अर्ध्या तासाने पाहिले, तर निम्मी मुले पडद्याकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघत होती. समोर बसलेली एक चिमुरडी शेवटी म्हणाली, "काकू, थोडं थांबा ना, मला मांजर ऐकूच येत नाही." त्या दिवसापासून मी सिनेमा आधी एकटीने दोनदा पाहते, जी वाक्ये सांगितल्यावाचून गोष्ट पुढे सरकणारच नाही अशी दहा-बाराच कागदावर लिहून घेते, प्रत्येकासमोर मिनिट टाकते आणि ते वाक्य संवाद सुरू होण्याच्या आधी सांगून गप्प बसते. संवादावर बोलले की मुलांना दोन्ही ऐकू येत नाहीत. गाण्यावर तर एक शब्दही बोलू नये.

शब्द निवडताना आपले गाव विसरू नये. आमच्याकडे काही मुलांच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत मांजराला 'पिल्लि' म्हणतात, त्यामुळे मी 'पिल्लू' म्हटले की अगदी लहान मुलांना आई आणि बाळ यांत गोंधळ होतो; तिथे 'मांजरीचं बाळ' म्हणावे. मात्र शहराचे आणि पात्रांचे नाव कधीही बदलू नये. एकदा 'अ कॅट इन पॅरिस' दाखवताना मी पॅरिसच्या जागी सोलापुरातली नवी पेठ म्हणून पाहिले आणि शेवटी नोत्र दामच्या छपरावरची पळापळ आल्यावर एका मुलाने "नवी पेठेत एवढं उंच चर्च कुठंय?" असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

भीतीच्या जागा आधी सांगून टाकाव्यात. 'ऑलिव्हर अँड कंपनी'च्या सुरुवातीला खोक्यातली बाकीची सगळी पिल्ले लोक घेऊन जातात आणि एकटे ऑलिव्हर पावसात भिजत राहते. त्या दृश्याने एक मुलगा इतका रडला की त्याच्या आईला वर बोलवावे लागले. आता मी ते दृश्य येण्यापूर्वीच "याला घर मिळणार आहे," असे सांगते. याने उत्सुकता मरते असे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही, कारण घाबरलेले मूल डोळे झाकून बसते आणि डोळे झाकलेल्याला कसली उत्सुकता! याच सिनेमाच्या शेवटी खलनायकाची मोटार रेल्वेखाली जाते, तेव्हा लहानग्यांना आपल्या शेजारी बसवावे.

मध्यंतर एकच द्यावे आणि सिनेमा संपल्यावर प्रश्न विचारू नयेत. दुसऱ्या दिवशी मुले जिन्याखालच्या मांजरांसाठी वाटीभर दूध घेऊन निघतात. बऱ्याच मोठ्या मांजरांना गाईचे दूध पचत नाही, म्हणून ती वाटी त्यांच्या हातून घ्यावी आणि तिच्याजागी पाण्याचे पसरट भांडे देऊन ते सावलीत ठेवायला सांगावे.