कॅरव्हॅन घाटात बंद पडली तर: टोचनची तयारी घरूनच

साताऱ्याहून कासला, वाईवरून पाचगणी-महाबळेश्वरला, पाटणवरून कोयनेकडे कॅरव्हॅन घेऊन जाणारी कुटुंबं आता बरीच दिसतात. निघताना गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी सगळं तपासलं जातं. गाडी बंद पडली तर ती उचलून न्यायची कशी, हा विचार मात्र पसरणीच्या वळणावर अडकल्यावर सुरू होतो. मदतीला येणारा माणूस कारच्या हिशेबाने येतो आणि मूळ बिघाडापेक्षा मोठं नुकसान ओढून नेताना होतं. गिअरबॉक्स जळतो, फायबरचा बंपर उपटून हातात येतो, मागचा भाग रस्त्याला घासतो. माझं ठाम मत आहे की क्रेन किती मोठी यापेक्षा आपल्या गाडीची माहिती आपल्याला किती, यावर सगळं ठरतं. ती माहिती गाडी अंगणात उभी असतानाच गोळा करून ठेवायची.

सुरुवात वजनापासून. आरसीवरचं वजन लिहून घ्याच, पण एवढ्यावर थांबू नका. उसाच्या या पट्ट्यात वजनकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. टाकी भरून, सामान लादून, गाडी प्रवासाला निघते तशीच काट्यावर घाला. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढून उचलणाऱ्या क्रेनला पुढच्या एक्सलवर किती भार आहे हेच हवं असतं. पाणी एका लिटरला एक किलो, म्हणजे 200 लिटरची टाकी भरली की दोन क्विंटल वाढले. उंची मोजताना छतावरचा एसी आणि सोलर पॅनेल धरून मोजा. लोबेडवर, म्हणजे गाडी पूर्ण चढवून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर, चढवली की लोबेडची उंची त्यात मिळवावी लागते आणि गावातल्या कमानी, खाली लोंबणाऱ्या तारा तेव्हाच अडवतात. लांबी लिहिताना मागच्या चाकापासून शेपटापर्यंत किती अंतर आहे तेही लिहा. कॅरव्हॅनची शेपटी लांब असते, पुढून उचलली की ती तेवढीच खाली झुकते.

मग चाकं आणि ब्रेक. फोर्स ट्रॅव्हलरवर आणि बसच्या चासीवर बांधलेल्या गाड्यांची मागची चाकं ओढतात, टाटा विंगरची पुढची. मागून ओढणारी गाडी पुढून उचलून मागच्या चाकांवर फिरवत नेली, तर इंजिन बंद असूनही गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरत राहतो. न्यूट्रल केलं म्हणून तो थांबत नाही. आतलं ऑइल मात्र सगळीकडे उडत नाही, बेअरिंग कोरडी पडतात आणि गॅरेजला पोचेपर्यंत गिअरबॉक्स गेलेला असतो. म्हणून अशी गाडी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, सोडवूनच न्यायची. गॅरेजमध्ये एकदा गाडीखाली वाकून तो शाफ्ट आणि त्याचे बोल्ट बघून घ्या, त्या मापाचा पाना गाडीत टाका. सोडवताना जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँज) रंगाची एकच रेघ ओढायची म्हणजे परत तसाच बसतो. बोल्ट जाड कापडी पिशवीत बांधून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायचे, रस्त्याकडेच्या गवतात नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला पुढून उचललं की हा प्रश्न येत नाही. ऑटोमॅटिक गिअर असेल तर मी लोबेडशिवाय दुसरं काही मान्य करणार नाही.

बसच्या चासीला हवेचे ब्रेक असतात. हवा उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात आणि गाडी जागची हलत नाही. ते सोडवण्याचे दोन मार्ग आहेत: क्रेनच्या गाडीवरून हवा भरून घेणं, नाहीतर ब्रेक चेंबरच्या मागचा बोल्ट आवळून स्प्रिंग दाबून धरणं. दुसरं काम जाणत्या फिटरचंच. ते करण्याआधी चाकांना लाकडी गुटके लागलेले हवेत, कारण स्प्रिंग ब्रेक सुटला की उतारावर गाडीला धरणारं काहीच उरत नाही. ट्रॅव्हलरला हायड्रॉलिक ब्रेक असतात. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, स्टिअरिंगही जड होतं. स्टिअरिंगवर कोण बसणार, हे ठरवताना हे लक्षात घ्या.

गाडीत काय ठेवायचं ते थोडक्यात. पुढे आटे फिरवून बसवायचा टोइंग हुक आणि तो कुठे बसतो याचा फोटो. वजनाला पुरेल असा, त्यावर टनाचा आकडा छापलेला बेल्ट आणि शॅकल (बेल्ट हुकाला जोडायची लोखंडी कडी). चार गुटके, दोन जाड फळ्या, हातमोजे, टॉर्च, चमकणारी जॅकेटं, अग्निशामक नळकांडं, त्रिकोणी फलक. काळ्या मातीच्या साइडपट्टीवर पावसाळ्यात चाक रुतलं की त्या फळ्याच कामाला येतात. विमा कंपनीला आधीच विचारून ठेवा की रस्त्यावरच्या मदतीत एवढ्या वजनाची गाडी बसते का, आणि उत्तर लेखी घ्या.

गाडी बंद पडली की आधी माणसं खाली. सगळ्यांना रस्त्यापासून लांब, गाडीच्या वरच्या अंगाला उभं करा. उताराच्या बाजूला कोणीही नको. त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, वळण घेतल्यावर दिसून उपयोग नाही. सिलेंडरचा कॉक बंद, इन्व्हर्टर बंद, पायरी आत, बाजूची कापडी छत्री गुंडाळलेली, गाडी टेकवायचे जॅक वर, कपाटांना कड्या. टाकीतलं पाणी रस्त्यावर न सोडता कडेच्या गटारात सोडता आलं तर वजन लगेच कमी होतं. चाकाला लावायला दगड घेतलेत, तर निघताना ते उचलून कडेला टाका. आपण निघून गेल्यावर मागे राहिलेल्या त्या दगडावर अंधारात दुचाकीवाला पडतो, आणि हे आपल्याकडे वारंवार होतं.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर हेल्पलाइन 1033, आणीबाणी असेल तर 112. टोलनाक्याची क्रेन गाडी वाटेतून बाजूला काढण्यासाठी असते. पुढे गॅरेजपर्यंतची सोय आपली आपण करायची. क्रेनवाल्याला फोनवर घरी लिहून ठेवलेला माहितीचा कागदच वाचून दाखवा: वजन, लांबी, उंची, कोणती चाकं ओढतात, ब्रेक कोणते, गाडी चढाला आहे की उताराला. भाडं ठरवताना घाट, रात्र, थांबायचा वेळ आणि परतीचं अंतर धरलंय का ते विचारा. हायड्राला (माल उचलून चालत नेणाऱ्या क्रेनला) बेल्टने लटकवून नेतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. बेल्टच्या दाबाने कॅरव्हॅनच्या भिंती चेपतात. हंगामात उसाचा ट्रॅक्टर मदतीला हमखास थांबतो. माणूस भल्या मनाचा असतो, ट्रॅक्टर ताकदीचाही असतो, आणि चिखलातून सरळ बाहेर काढायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण यवतेश्वरच्या उतारावर मागून चार-पाच टन ढकलत येणार असतील, तर त्याला पुढे लावू नका. उतारावर दोरी किंवा साखळी तर नकोच, मधे लोखंडी टो-बार हवा. नियमाने दोन गाड्यांमधलं अंतर 5 मीटरपेक्षा जास्त चालत नाही, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत ठेवा. पुढची चाकं उचललेली नसतील तर मागच्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर लागतो. किल्ली फिरवलेली ठेवा, म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही. राहायच्या भागात मात्र कोणीही बसायचं नाही, पाऊस असला तरी.

हुक चासीलाच अडकवला आहे ना, हे स्वतः वाकून बघा. विंचची तार ताणली जाताना तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि तारेच्या लांबीइतक्या टापूत कोणी उभं राहायचं नाही. उचलल्यावर मागे जाऊन शेपटी जमिनीपासून किती वर आहे ते बघा. सायकलचा स्टँड आणि सांडपाण्याचा पाइप आधी लागतात. मागचे दिवे चालत नसतील तर क्रेनवाल्याकडून वायर ओढून जोडलेले दिवे घ्या, पाठीवर गाडी ओढली जात असल्याची ठळक पाटी लावा. निघण्याआधी चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. दोनेक किलोमीटरवर सपाट जागा बघून थांबायचं, साखळ्या ढिल्या पडल्यात का ते हाताने ओढून बघायचं, हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेऊन ब्रेक चिकटून तापतोय का ते तपासायचं.

गॅरेजला पोचल्यावर सिलेंडर काढून बाहेर ठेवा आणि राहायच्या भागाच्या बॅटरीचा मेन बंद असल्याचं वायरमनला सांगा, त्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नका. शाफ्ट बसवताना रंगाच्या रेघा जुळल्या का ते स्वतः बघा. पहिल्या फेरीनंतर ते बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.